मिलेबाच्या खिंडीतला बर्फ

बफ्रानबार महिना, २४

रेबवार,

परवा मिलेबाच्या वाटेवर सरहद्दीच्या चौकीवाल्यांनी खेचरं मारली. आम्ही गिर्यारोहण क्लबची माणसं शुक्रवारच्या चढाईला निघालो होतो. झऱ्याच्या वळणावर बर्फ तांबडा दिसायला लागला. खेचरं रांगेतच पडली होती, एकमेकांना बांधलेली, पाठीवरची ओझी तशीच. पहिल्याला गोळी घातल्यावर मागच्यांना पळायला जागा कुठली! एक अजून जिवंत होतं. त्याचा जबडा उडाला होता, तरी पुढचे पाय बर्फात रोवून उठायला बघत होतं. खालो कादिरनं माझ्या हातातली बर्फाची कुऱ्हाड ओढून घेतली आणि त्याच्या कपाळात घातली. एकदा घालून भागलं नाही. मग पातं बर्फात पुसून कुऱ्हाड मला परत दिली. "चल पोरी," म्हणाला, "वर वारा उठायच्या आत मागं फिरायचंय."

आपला मामा म्हातारा झाला असेल असं तुला तिकडं बसून वाटत असेल, तर ते मनातून काढून टाक.

तुझी पत्रं मिळाली. आधीचीही मिळाली होती. उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून दिलं नाही. आता देतेय ते शेजारची सैरान सरहद्दीपलीकडे तिच्या बहिणीकडे निघालीय म्हणून. ती तिथून टपालात टाकेल. फोनवर काही बोलत जाऊ नकोस, दायाशी तर नाहीच. आईचा जीव, ती सगळं बोलून बसते, आणि ऐकणारे ऐकत असतात.

तू बर्फाचं विचारलंस. इतक्या वर्षांनी बहिणीला पत्र लिहायचं आणि त्यात बर्फाचं विचारायचं! बरं, सांगते. यंदा वाईट आहे. पहिला बर्फ लवकर पडला आणि मग आभाळ कोरडं राहिलं, नुसती थंडी. खालच्या बर्फाची साखर झालीय, मुठीत दाबला तरी गोळा होत नाही. त्यावर आता वाऱ्यानं आणून थापलेला जाड थर. पाय टाकला की खालून 'हुंफ' करून आवाज येतो आणि चीर पार पलीकडपर्यंत पळत जाते. हा आवाज ऐकला की बोलणं बंद, एकेकानं आल्या पावली मागं, हे तूच आम्हाला शिकवलंस. क्लब अजून तसंच करतो. फक्त आता पुढं मी चालते.

वाडग्यावर, खिंडीखालच्या त्या खोलगट उतारावर, मी कुणाला पाऊल टाकू देत नाही. तुला आठवत असेल तसाच आहे तो. खिंडीतून गावाकडं येताना डाव्या हाताला, गुळगुळीत, पांढराशुभ्र, बघणाऱ्याला वाटावं बसून घसरत थेट घरी जावं. उजवीकडं डोंगराच्या धारेचा उघडा खडक. खडकावर वारा बर्फ ठरू देत नाही, तिथून माणूस बिनघोर चालू शकतो. पण चौकी आता धारेच्या समोर आणून बांधलीय. खडकावरचा माणूस तिथून उभाच्या उभा दिसतो.

बाराम बरा आहे. अड्ड्याजवळच्या गॅरेजात जातो. दायाचे गुडघे थंडीनं धरलेत. तू पाठवलेला कोट तिनं पेटीत ठेवलाय, घालत नाही.

शनो


रेबंदान, ९

रेबवार,

सैरान तिकडं जाऊन तोंड बंद ठेवेल असं मला वाटलं होतं. चूक माझी.

हो, मेलेल्यांतलं एक खेचर आपलं होतं. खालोनं ज्याच्या कपाळात कुऱ्हाड घातली, तेच. मी लांबूनच ओळखलं होतं, खालोनंही. म्हणून तर त्यानं दुसऱ्या कुणाला पुढं होऊ दिलं नाही.

बाराम गॅरेजात जात नाही. गॅरेज गेल्या उन्हाळ्यातच बंद पडलं. तेव्हापासून तो खेचरावर पलीकडचा माल आणायचा. आता खेचर नाही, म्हणून स्वतःच्या पाठीवर आणतो. सिगारेटची खोकी, टायर, कापडाचे गठ्ठे. एकदा फ्रिज आणला. हसू नकोस. पट्ट्यांनी पाठीला बांधून, मिलेबातून, कमरेइतक्या बर्फातून.

तू लिहितोस, 'तू मोठी आहेस, त्याला थांबव.' तर ऐक, मी कसं थांबवलं ते.

त्याचे बूट मी पिठाच्या कणगीत लपवले. फटफटत होतं, बाहेर त्याच्या टोळीतला नासिह वाट बघत होता, आणि हा घरभर भांडी उलथीपालथी करतोय.

"बूट कुठायत?"

"विकले."

"शनो गियान, चेष्टा पुरे. माणसं थंडीत उभी आहेत."

"राहू देत. गारठून मेली की वर जाऊन मरायला नको."

त्यानं माझी वेणी धरली. लहानपणी धरायचा तशी नाही. हाताला दोन वेढे घेतले आणि माझं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. मीही त्याच्या कानाला कडकडून चावले. दाया उठली, हाताला लागलं ते लाटणं घेतलं आणि दोघांनाही बडवलं, पाठीत, हातांवर, जिथं बसेल तिथं. "मारा! एकमेकांना मारा! तेवढाच चौकीवाल्यांचा दारूगोळा वाचेल!" ओरडत होती आणि मारत होती.

मग बाराम खाली बसला आणि हसायला लागला. कानातून रक्त मानेवर उतरत होतं. म्हणाला, "तूच खरी रेबवारची बहीण. हात आधी उचलतेस."

मी त्याला बूट दिले. दुसरं काय करणार होते? देताना एवढंच म्हटलं की धारेच्या उजव्या अंगानं चाल, काहीही झालं तरी वाडग्यात उतरू नकोस.

"उजवीकडं चौकी, डावीकडं बर्फ," तो म्हणाला. "तू तर मोठी गिर्यारोहक. तूच सांग, आधी कोण मारेल?"

"चौकीचा नेम चुकू शकतो. वाडगा चुकत नाही."

"बघू," म्हणाला आणि गेला.

तुझं नाव त्यानं त्या दिवशी घेतलं, ते इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाबांचा शोक चालू असताना तू सामान भरून निघालास, तो दारात आडवा झाला आणि तू त्याच्या तोंडावर ठोसा मारलास. तेव्हा तो अंगणात रक्त थुंकत उभा राहिला, रडला नाही. दाया म्हणते तो मऊ आहे. तुझ्याही मनात तो तसाच असणार, दारात उभा राहून मार खाणारा पोरगा. असू दे.

येत्या शुक्रवारी त्यांची टोळी परतायची आहे. मी क्लबची चढाई त्याच वाटेवर ठेवलीय. उगाच. तेवढंच वर कुणीतरी ओळखीचं असेल.

शनो


रेबंदान, २९

ब्राकम,

इतक्या वर्षांनी तुला 'माझ्या भावा' म्हणतेय. दुसरा उरला नाही म्हणून.

बाराम गेला हे दायानं तुला फोनवर सांगितलं, तेव्हा मी शेजारीच होते. तू काय म्हणालास तेही ऐकू आलं. "नाव सांग. फक्त त्या शिपायाचं नाव सांग, मी येतो." दायानं फोन माझ्या हातात दिला आणि मी तो बंद केला. नाव मला माहीत आहे. सांगणार नाही. जे घडलं ते मात्र सांगते.

सकाळी धुकं होतं. आम्ही झऱ्याच्या वळणाच्या वर पोचलो आणि धारेवरून गोळ्यांचे आवाज आले. आधी एक, मग सलग काही. मग थोडी शांतता आणि आणखी एकच, दबलेला, उशीत दाबून झाडावा तसा. त्याच्या मागोमाग डोंगर सुटला. तू तो आवाज ऐकलायस, मी कशाला सांगू! धुक्यात काही दिसत नव्हतं. नुसता वारा अंगावर आला, बर्फाची भुकटी नाकातोंडात गेली, आणि पायाखालची जमीन थरथरली.

टोळीतले तिघं धावत खाली आले. ओझी टाकून दिलेली, एकाचा बूट गेलेला. त्यांनी एवढंच सांगितलं की नासिहला धारेवर गोळी लागली, तो जागीच गेला. बाराम मागं होता. वाडगा सुटला आणि त्यात बाराम आणि एक शिपाई, दोघं गेले. बाकीचे शिपाई धुक्यातून चौकीकडं पळाले.

मी दोघांना वर खडकावर पहाऱ्याला बसवलं, वरचा उरलेला बर्फ सुटला तर ओरडायला. बाकीच्यांची ओळ केली. लांब सळया बर्फात खुपसत एकेक पाऊल पुढं जात होतो. खाली आलेला बर्फ तेवढ्यात दगडासारखा झाला होता. खालो कादिर सळई सोडून नुसताच हाका मारत पळत होता. "बाराम! ए बाराम! ओ दे रे लेकरा!"

आधी सापडला तो शिपाई. एक हात बाहेर होता, बोटं हलत होती. खालोनं फावड्यानं भराभर उकरलं, त्याला वाटलं बारामच. तोंड उघडं झालं तर कोवळा परका चेहरा, गणवेशाची कॉलर, निळे ओठ. तो श्वास घेत होता. दुसरा हात कोपराच्या वर मोडून मागं वळला होता.

खालोनं फावडं उचललं, पात्याची कड खाली करून. मी त्याच्या आणि त्या पोराच्या मधे पडले. दया आली म्हणून नाही रे. मला दया वगैरे काही आली नव्हती.

"हो बाजूला, शनो!"

"खालो, बाराम कुठं गाडला गेला ते फक्त यानं बघितलंय. त्याला मारलंस तर कुणाला विचारू?"

क्लबच्या दोघांनी खालोला मागून कवटाळून धरलं. त्यानं एकाच्या नाकावर डोकं आपटून नाक फोडलं, पण त्यांनी सोडलं नाही, ओढत खालच्या अंगाला नेलं. मी त्या शिपायाशी एकटी उरले. त्याला विचारलं, माझा भाऊ कुठंय? तो रडत होता, दात वाजत होते, 'आई आई' करत होता. मी पुन्हा विचारलं. मग मी त्याचा मोडलेला हात धरला आणि हाड जिथं कातडीला टोचत होतं, तिथं अंगठा दाबला. तो किंचाळला. मी दाबलेला अंगठा सोडला नाही. तो बोलेपर्यंत सोडला नाही.

त्यानं मानेनं खूण केली. अगदी जवळ. त्याच्या पायांच्या खालीच.

मी हातांनी उकरलं. बाराम तिथं होता. उकरायला घेतलं तेव्हाच मला कळलं होतं, तरी मी त्याच्या तोंडातला बर्फ काढला, नाकातला काढला, त्याच्या तोंडात फुंकलं. तू शिकवलं होतंस तसं सगळं केलं. त्याला गोळी लागली होती. कुठं ते विचारू नकोस.

मग मी इतरांना हाक मारली.

नासिह वर धारेवर, चौकीच्या समोर होता, तिथवर जाता येत नव्हतं. दोन माणसं खाली न्यायची होती आणि वारा वाढत होता. बारामला खालोनं पाठीवर घेतलं. टोळीवाल्यांचे पट्टे वाटेत पडले होते, त्यांनीच त्याला स्वतःच्या पाठीला बांधून घेतलं आणि कुणाला हात लावू दिला नाही. शिपायाला आम्ही दोराच्या झोळीत घालून ओढलं. दोनदा पोरं म्हणाली, "टाक ना इथंच, शनो. कोण विचारतंय?" मी टाकलं नाही. का, ते मला सांगता येत नाही. त्यानं केलेली खूण खरी निघाली होती, एवढंच.

रस्त्यावर चौकीची गाडी उभी होती. त्यांनी त्यांचा माणूस झोळीतून उचलला आणि मग आम्हाला बंदुकांच्या दस्त्यांनी मारलं. एका पोराचं गळ्याचं हाड मोडलं. मला मांडीवर बसला, अजून नीट चालता येत नाही. खालोला मारताना त्यांना बाराम त्याच्या पाठीवरून सोडवता येईना, म्हणून ते बारामवरच मारत राहिले. खालो वाकला नाही.

गावात सगळे म्हणतात पाठीत गोळी घातली. आंघोळ घालणाऱ्यांनी पाठीतलं भोक पाहिलं. तेच खरं धर आणि तिकडंच राहा. तू येशील, तुलाही मारतील. दायाला आता पुरायला मुलगा नको, जिवंत हवाय.

शनो


रेशमे, १२

ब्राकम,

तू तिकीट काढलंस असं सैरान सांगते. पलीकडच्या शहरापर्यंत विमानानं आणि तिथून पायी, मिलेबातून. तू येणारच असशील तर सगळं ऐकूनच ये. मागच्या पत्रात मी तुझ्यापासून लपवलं. तू त्या गोष्टीवर हत्यार परजशील म्हणून लपवलं आणि तू नेमका अर्धवट गोष्टीवरच परजतोयस.

बारामला पाठीत गोळी लागली नाही. बाबांबरोबर तू आणि मी शिकारीला जायचो, तुला माहीत आहे, गोळी आत शिरते तिथं भोक लहान असतं, बाहेर पडते तिथं मोठं. पाठीतलं मोठं होतं. छातीवरचं बोटाएवढं, आणि त्याच्या भोवती जाकीट जळलेलं. अगदी अंगाला लावून झाडली होती.

मी उकरलं तेव्हा बारामच्या मुठीत त्या शिपायाच्या बंदुकीचा पट्टा होता. हाताला दोन वेढे घेतलेला. बोटं उलगडेनात. चाकूनं पट्टा कापला, बंदूक बर्फाच्या भेगेत ढकलली आणि मगच इतरांना बोलावलं. शिपायाच्या गळ्यावर त्याच पट्ट्याचा काळानिळा वळ होता. मी त्याचं हाड दाबलं तेव्हा तो नुसती खूण करून थांबला नव्हता. बोलला होता. नासिह पडल्यावर बाकीचे वाडगा आडवा कापून पळाले. बाराम पळाला नाही. ओझं टाकलं आणि उलटा फिरला, धुक्यातून थेट याच्या अंगावर आला. पट्टा याच्या गळ्याभोवती आवळला. "मी म्हणत होतो सोड, सोड," तो पोरगा मला सांगत होता. "तो सोडत नव्हता. माझ्या तोंडाजवळ तोंड आणून काहीतरी म्हणत होता, तुमच्या भाषेत. मला कळलं नाही. मग मी चाप ओढला." दोघं मिठी मारल्यासारखे वाडग्यात कोसळले आणि वाडगा सुटला.

पळालेल्या तिघांना बाराम मागं फिरलेला दिसला होता. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ते रोज येऊन आमच्या छपरावरचा बर्फ ओढतात, दाया चहा देते तो घेतात, आणि मान वर करत नाहीत.

हे बाहेर फुटलं असतं तर घर पाडलं असतं आपलं, शिपायावर हात टाकला म्हणून. खालोला, मला उचललं असतं. मी रोज दारात गाडी थांबायची वाट बघत होते. गाडी आली नाही. मग चौकशीचं कळलं. त्या शिपायानं जबाब दिला की बर्फ सुटला, मी घसरलो, मला कुणी हात लावला नाही. गळ्यावरचा वळ दोराचा, झोळीतून ओढलं तेव्हाचा. त्यानं ते आपल्यासाठी केलं की स्वतःसाठी, मला माहीत नाही. त्याला कधी विचारणारही नाही. रेबवार, मला त्याचा राग येतो आणि त्या रागाचं काय करायचं ते समजत नाही. त्यानं माझा भाऊ मारला आणि त्याच तोंडानं आमचं घर वाचवलं.

आता खालोचं ऐक. इस्पितळातून त्या पोराला शहरात हलवणार, हे त्याला कुणीतरी सांगितलं. सकाळी मी उठून बघते तर बाबांची शिकारीची बंदूक भिंतीवर नाही. मी लंगडत, पडत झडत घाटाच्या वळणापर्यंत गेले. तो बर्फाच्या ढिगामागं पालथा पडला होता, नळी रस्त्याकडं.

"जा घरी," म्हणाला. मागं वळूनही बघितलं नाही. "पाठीत गोळी घालणाऱ्याला मी शहर बघू देणार नाही."

मी त्याला सगळं सांगितलं, तिथं, बर्फात गुडघ्यांवर बसून. जसं तुला आत्ता सांगितलं तसंच. तो उठला आणि त्यानं माझ्या थोबाडीत मारली. मी पडले तशी पुन्हा मारली. "खोटं! त्या हरामखोराला वाचवायला मेलेल्याच्या नावावर काहीही खपवतेस? माझ्या भाच्याच्या हातात काही नव्हतं!"

"पट्टा होता, खालो. मी कापला. त्याच्या तळहातावरचा वळ तू आंघोळीच्या वेळी बघितलास. तुला वाटलं ओझ्याचा आहे."

तो थांबला. स्वतःच्या तळहाताकडं बघत राहिला. ओझ्याचा पट्टा खांद्यांवर येतो रे, हातावर नाही, हे त्याला काय सांगायचं! जन्म गेला त्याचा त्यात.

"पकडलं होतं त्यानं?" त्यानं विचारलं. आवाज वेगळाच लागला होता.

"हो."

"घट्ट?"

"बोटं उलगडत नव्हती."

"मेल्यावरसुद्धा?"

"मेल्यावरसुद्धा, खालो."

तेव्हा तो खाली बसला आणि रडला. बारामला पाठीवरून आणताना रडला नव्हता, पुरताना नव्हता. बर्फात मुठी आपटत होता आणि मधेच हसत होता. "पळाला नाही माझा वाघ. पळाला नाही." मी घाबरले होते की हे ऐकून त्याच्या मनातला निष्पाप बाराम मरेल. उलटंच झालं. पाठीतली गोळी त्याला आतून खात होती, छातीतली त्याला सोसवली.

चाकांना साखळ्या लावलेली गाडी खणखणत वळणावर आली. पुढं चौकीवाले, मागच्या काचेतून गळ्यात हात बांधलेला तो. बंदूक बर्फात तशीच पडलेली. खालो उभा राहिला, पूर्ण उंचीचा, रस्त्याच्या कडेला. त्या पोरानं त्याला ओळखलं असणार, कारण तो खाली दडला. खालो फक्त बघत राहिला. गाडी गेल्यावर थुंकला आणि म्हणाला, "दायाला सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. त्याच संध्याकाळी सांगितलं. ती कणीक मळत होती. मळणं थांबलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि बाकीचे तिघं? एकही मागं वळला नाही?" दुसऱ्या दिवशी ते बर्फ काढायला आले, तेव्हा तिनं तिघांना आत घेतलं, दार लावलं आणि एकेकाला कानाखाली वाजवली. जोरात. तिघंही उभे राहून मार खात होते, एक जण तर हुंदके देत होता. मग तिनं त्यांना गरम कलानेची पोळी वाढली, कांद्याची पात घालून केलेली, बारामला आवडायची तशी, आणि पुढ्यात बसून ती संपेपर्यंत उठू दिलं नाही.

त्याचं नाव फरामर्ज. दक्षिणेकडच्या वाळवंटातला आहे, इथं येईपर्यंत त्यानं बर्फ पाहिला नव्हता. आता तुला नाव दिलं. मागत होतास ना? घे. त्याचं काय करायचं ते तू ठरव, पण मऊ, पळणाऱ्या, पाठीत गोळी खाल्लेल्या भावाच्या नावावर करू नकोस. तसा आपला भाऊ नव्हता. तू दारात ठोसा मारलास तेव्हाही तो तुला अडवायलाच उभा होता.

या शुक्रवारी आम्ही क्लबची माणसं विलोच्या लांब काठ्या घेऊन वर गेलो. ते तिघंही आले. खिंडीपासून झऱ्यापर्यंत, धारेच्या खडकाळ अंगानं, काठ्या रोवत आलो, टोकांना लाल चिंध्या बांधून. माल आणणारे पुढच्या आठवड्यात पुन्हा निघतील, त्यांना कुणी थांबवू शकत नाही. निदान धुक्यात वाडग्यात तरी उतरणार नाहीत. काठ्या चौकीच्या समोर आहेत, हे आम्हाला दिसत होतं. मधेच तिकडून गोळी आली आणि मी रोवलेली काठी मधोमध फुटली. कुणी आडवं झालं नाही. खालो कादिरनं दुसरी काठी उचलली, फुटलेलीच्या जागी ठोकली, दगडांनी पक्की केली आणि चौकीकडं पाठ करून चिंधी बांधायला लागला. सावकाश बांधली. दुसरी गोळी आली नाही.

आलास तर काठ्या डाव्या हाताला ठेवून ये. आणि बंदूक पलीकडंच टाकून ये, दायाला तुझे हात रिकामे हवेत.

शनो